फाइलीत नसलेलं

इंटरव्ह्यू हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. कुणी उच्चारलाच तर माझी बहीण दुर्पता माझ्याकडे बघते आणि मी उठून समोरच्या टायरच्या दुकानाकडे बघत खिडकीत उभा राहतो. काय करणार? जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला तर लगामही नव्हता.

त्यामुळे त्या फेब्रुवारीत माझी भाची कौशिला शाळेतून आली, बर्फातले बूटसुद्धा न काढता थेट स्वयंपाकघरात शिरली आणि म्हणाली, "मामा, मला इंटरव्ह्यूला बोलावलंय," तेव्हा माझ्या हातातला मुळा खाली पडला.

"कुणी?" दुर्पतानं विचारलं. "आता आणखी कशाचा? आपली फाइल बंद झालीये ना? परत पाठवतायत का आपल्याला?"

"अगं आमा, कॉलेजनं बोलावलंय. स्कॉलरशिपसाठी. चार वर्षांची फी, पुस्तकं, सगळं. आठ जणांना बोलावलंय, त्यातल्या दोघांना मिळणार."

दुर्पतानं गॅस बंद केला, हात पुसले आणि तिथंच खाली बसली. मग म्हणाली, "म्हणजे सगळ्यांनी जायचं."

"सगळ्यांनी नाही गं! मला एकटीला बोलावलंय."

"तिकडेही असंच म्हणाले होते. फक्त पाच मिनिटं, म्हणाले होते."

कौशिलानं माझ्याकडे बघितलं. मी मुळा उचलून धुवायला लागलो.

हे कळायला आमचं आधीचं रामायण सांगायला हवं. आम्ही भूतानमधून हाकलले गेलेले, नेपाळी बोलणारे लोक. वीस वर्षं नेपाळातल्या झापा जिल्ह्यात, शिबिरातल्या बांबूच्या झोपड्यांत काढली. माझं लग्न झालं नाही, म्हणून मी बहिणीच्याच रेशनकार्डावर होतो. मग अमेरिका आम्हाला घेणार असं ठरलं आणि कुटुंबाकुटुंबाला इंटरव्ह्यूला बोलावणं यायला लागलं. बोलावलं की सगळ्या घरानं जायचं. म्हातारं असो, बाळंतीण असो, अंगात ताप असो. एकेकाला आत घ्यायचे, तेच तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं फाइलीशी ताडून बघायचे. म्हणून घराघरात तालमी चालायच्या. फाइलीत आहे तेवढंच बोलायचं. कमी नाही, जास्त नाही. हसायचं नाही. साहेबानं दोनदा विचारलं तर दोनदा तेच सांगायचं.

कौशिलाची जन्मतारीख कार्डावर होती एक जानेवारी. आमच्या झोपड्यांच्या रांगेतल्या निम्म्या पोरांची तीच. कारकुनाला विचारायचा कंटाळा आला की तो एक जानेवारी लिहून मोकळा व्हायचा. कौशिलाचे वडील, म्हणजे आमचे दाजी खगेंद्र, अबोल माणूस, पण त्या सकाळी त्यांनीही मला बजावलं, "एक जानेवारी. बास." मी मान डोलावली. आणि आत गेल्यावर साहेबानं विचारलं, "ही मुलगी कधी जन्मली?" तर माझ्या तोंडून निघून गेलं, "मंसिर महिन्याच्या सतरा तारखेला, भर दुपारी." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. वर शहाणपणा केला, "कार्डावरचं खोटं आहे, साहेब."

हात दाखवून अवलक्षण! मंसिरची सतरा म्हणजे डिसेंबरची सुरुवात; दोन तारखांत अकरा महिन्यांचं अंतर निघालं. ही पोर नक्की याच घरातली की दुसऱ्या कुणाची घुसवलेली, अशी शंका आली. जिनं नऊ महिने पोटात वाढवलं त्या माझ्या बहिणीला विचारलं, "ही तुमचीच कशावरून?" फाइल होल्डवर गेली आणि साडेतीन वर्षं तिथंच राहिली.

त्या साडेतीन वर्षांत आमची रांग रिकामी झाली. सगळ्यात आधी शिबिरातले शिक्षक गेले, कारण त्यांना इंग्रजी येत होतं. मागे राहिलेल्या पोरांना आठवी पास पोरं शिकवायला लागली. कौशिला बारा वर्षांची होती ती सोळाची झाली. दुर्पता मला त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

इथे अमेरिकेत ॲक्रनला आलो तेव्हा पोरीला नववीत बसवलं. पहिले सहा महिने तिनं शाळेत तोंड उघडलं नाही. शिबिरात इंग्रजी होतं, पण सगळं पाठ केलेलं. गाय हा उपयुक्त प्राणी आहे, हे ती न थांबता म्हणून दाखवायची; पण एखाद्या पोरीनं "जेवलीस का" विचारलं की हिची बोबडी वळायची. घरी येऊन उशीत तोंड खुपसायची. मी दाराबाहेर उभा राहून ऐकायचो. माझ्याच हातची करणी, कुणाला सांगणार?

तिला बोलतं केलं ते आमच्या इमारतीतल्या पत्रांनी. आमच्या चौदा घरांत इंग्रजी पत्र आलं की लोक ते देवाच्या फोटोमागे ठेवायचे आणि हात जोडायचे. एकदा खालच्या मजल्यावरची हर्कमाया काकू असंच एक पाकीट घेऊन आली. कौशिला डिक्शनरी घेऊन तासभर त्याच्याशी झुंजली आणि मग किंचाळलीच, "काकू, उद्या तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे! आज रात्रीपासून काही खाऊ नका!" काकूच्या हातात तेव्हा तळलेली गोड सेलरोटी होती.

झालं! त्या दिवसापासून दर शनिवारी सकाळी आमच्या दारात पाकिटं घेऊन माणसं बसायला लागली. दवाखान्याची पत्रं, शाळेच्या नोटिसा, घरमालकाच्या ताकिदी. लोक तिला 'वकीलसाहेब' म्हणायचे. पोरगी त्या पत्रांतून इंग्रजी शिकली, आणि शिकली तीही तशीच. वर्गातल्या एका मुलानं तिचं पुस्तक परत दिलं नाही तर ही त्याला म्हणाली, "दहा दिवसांच्या आत उत्तर न दिल्यास पुढील कारवाई करण्यात येईल." तिच्या इंग्रजीच्या बाई, मिस ब्रँट, हसून हसून रडल्या म्हणे. पण बाई गुणी. दुसऱ्या दिवसापासून रोज शाळा सुटल्यावर तासभर थांबायला लागल्या. गोष्टीची पुस्तकं द्यायच्या, वाचून घ्यायच्या, भांडायला लावायच्या. अडीच वर्षं एक दिवस चुकला नाही. बारावीला आली तेव्हा कौशिला वर्गात चौथी होती. तो अर्जही त्या बाईंनीच भरायला लावला.

आणि आता हा इंटरव्ह्यू. स्कॉलरशिप नाही मिळाली तर काय, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मी एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालतो. आमची सुपरवायझर दोनदा म्हणून गेली होती, तुझी भाची जूनमध्ये शाळेतून सुटली की आण इथे. काम वाईट नाही. घाम गाळून खाण्यात लाज कसली? पण त्या वाफेत उभा राहून मी रोज एवढंच मागायचो, देवा, ही पोर इथे नको.

म्हणून मी दुर्पताला सांगितलं, "मी येत नाही. मला घरी राहू दे."

"कप्पाळ तुझं! एक माणूस कमी दिसला तर विचारणार नाहीत?"

"मग येतो. पण मी मुका आहे म्हणून सांग."

"तेवढं जमलं असतं तर अजून काय हवं होतं, दादा," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. एवढ्या वर्षांत एवढंच.

तालीम सुरू झाली. रोज जेवणं झाली की कौशिलाला गालिच्यावर बसवायचं आणि विचारायचं.

"नाव?"

"कौशिला."

"नुसतं नाही, पूर्ण. बापाचं नाव? झोपडी नंबर?"

"मामा, ॲक्रनमध्ये झोपडी नंबर कोण विचारणार?"

"विचारला तर?"

"सी दोन, एकशे चौदा."

"बघ, येतंय ना! मग सांगायला काय जातंय? आणि दात काढू नको. हात मांडीवर ठेव. विचारतील तेवढंच बोल."

"मिस ब्रँट म्हणतात मोकळेपणानं बोल."

"मिस ब्रँट कधी होल्डवर होत्या?"

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमचं तर अख्खं घर पोळलेलं, आणि तीही त्याच घरातली. तिनं पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले. मला तेव्हा बरं वाटलं. मूर्ख मी!

इंटरव्ह्यू साडेदहाला होता. आम्ही कॉलेजच्या ऑफिसात आठ वाजता पोचलो, कारण रांगेत पुढे असलेलं बरं. तिथं रांगच नव्हती. दुर्पतानं पहाटे उठून दही, तांदूळ आणि शेंदूर कालवून पोरीच्या कपाळभर टिका लावला होता. आम्हालाही लावला. दाजींनी आमची नक्षीदार ढाका टोपी घातली होती. दुर्पताच्या छातीशी ती पांढरी प्लॅस्टिकची पिशवी होती, विमानातून येताना धरली होती तशीच. आत रेशनकार्ड, छातीचे एक्स-रे, सगळ्यांचे फोटो. दारातल्या टेबलापाशी बसलेली मुलगी कौशिलाचं कपाळ बघून ताडकन उठली. तिला वाटलं पोर पडली आणि डोकं फुटलं. बर्फाची पिशवी आणायला धावली. कौशिलानं लाजून तिला थांबवलं आणि समजावलं.

साडेदहाला कौशिलाला आत बोलावलं. आम्ही उठलो, तर त्याच मुलीनं आम्हाला हातानं बसा म्हटलं. खोलीला काचेची भिंत होती. आत तिघं होते: चष्मा लावलेली एक पिकल्या केसांची बाई, एक टक्कल पडलेले साहेब आणि कागदावर लिहून घेणारी एक तरुण बाई. आवाज येत नव्हता, पण दिसत सगळं होतं.

साहेब काहीतरी लांबलचक विचारायचे. कौशिला दोन शब्दांत उत्तर द्यायची आणि थांबायची. ते वाट बघायचे. ती मांडीवरचे हात हलवायची नाही. चष्मेवाली बाई हसून बघायची, ही हसायची नाही. साहेबांनी कागद उलटला, पुन्हा विचारलं. पुन्हा दोन शब्द. तरुण बाईनं लिहायचं थांबवलं.

"छान चाललंय," दुर्पता कुजबुजली. "बघ कशी ताठ बसलीये."

मला मात्र ते चांगलं दिसेना. लाँड्रीत मी रोज माणसांची तोंडं बघतो. काम न देता परत पाठवायच्या माणसाशी सुपरवायझर कशी बोलते, मला माहीत आहे. अशीच, गोड. शनिवारी चौदा घरांना हाताळणारी ही पोर तिथं लाकडाच्या बाहुलीसारखी बसली होती, आणि तिला तसं बसायला मी शिकवलं होतं. पहिल्यांदा बोलून घात केला, आता गप्प बसवून करत होतो.

तेवढ्यात चष्मेवाली बाई उठून बाहेर आली. आमच्याकडे, टिक्यांकडे, पिशवीकडे बघून काहीतरी बोलली आणि दार उघडं धरून उभी राहिली. आम्हाला आत या म्हणत होती. दुर्पतानं माझ्याकडे विजयानं बघितलं: सांगितलं नव्हतं, सगळ्यांना बोलावतात!

आत तिनं आम्हाला खुर्च्या दिल्या आणि कौशिलाला काहीतरी म्हणाली. कौशिलानं ते आमच्या भाषेत सांगितलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "त्या म्हणतायत, तुम्ही एवढ्या थंडीत आलात, फार बरं वाटलं. आणि विचारतायत, अर्जात नसलेलं, पण आम्हाला कळायला हवं असं काही आहे का?"

फाइलीत नसलेलं! दाजींनी टोपी सारखी केली. दुर्पतानं पिशवी आवळली आणि ओठ न हलवता म्हणाली, "नाही म्हण. सगळं कागदावर आहे म्हण. दादा, तू गप."

मी गप्पच होतो. देवाशपथ, गप्पच बसणार होतो. पण पोरीनं माझ्याकडे बघितलं, आणि तिचं तोंड मला बारा वर्षांचं दिसलं.

"सांग त्यांना," मी म्हणालो. "ही बाराव्या वर्षीच इथे यायची. मी नको ते बडबडलो म्हणून सोळाव्या वर्षी आली. साडेतीन वर्षं मी खाल्ली हिची. इंग्रजी कमी पडत असेल तर दोष माझा आहे. हिचं नाव कापू नका. आणि ही अशी गप्प नसते. आज मी गप्प बसवलीये."

"दादा!" दुर्पता म्हणाली.

"मामा," कौशिला म्हणाली, "हे मी नाही सांगणार."

"का नाही? शनिवारी लोकांना काय सांगतेस? पत्रातला शब्द गाळायचा नसतो. सांग!"

ती त्या तिघांकडे वळली आणि बोलायला लागली. मी बोललो ते मिनिटभराचं. ही पोर थांबेचना. मला त्यातलं काय कळणार? माझं इंग्रजी टॉवेल, चादर आणि लवकर आवरा एवढंच. 'अंकल' कळलं. 'जानेवारी' कळलं, दोनदा. मांडीवरचे हात केव्हाच सुटले होते, ते हवेत फिरत होते. टिक्यातले तांदूळ टेबलावर सांडत होते. मध्येच ती रडली आणि मध्येच चक्क हसली.

"हसू नको!" मी दटावलं.

तर टक्कलवाले साहेबही हसले. मग त्यांनी काही विचारलं, तिनं लगेच उत्तर दिलं, तरुण बाईनं विचारलं, तिलाही दिलं. अर्धा तास चाललं ते. आम्ही तिघं टेनिस बघावं तसे इकडून तिकडे माना फिरवत होतो. निघताना चष्मेवाल्या बाईनं माझा हात दोन्ही हातांत धरला. मी "थँक्यू, हॅव अ नाइस स्टे," म्हणालो. आमच्या हॉटेलात तेच म्हणतात.

परतताना व्हॅनमध्ये बसल्या बसल्या मी विचारलं, "काय बोललीस एवढं?"

"निकाल लागू दे, मग सांगते."

"म्हणजे वाटोळं झालं."

"मामा, आता तरी गप्प बसा," ती म्हणाली, आणि खिदळायला लागली.

त्यानंतर सात आठवडे मी लाँड्रीत उशांच्या खोळी उलट्या घालत होतो. एप्रिलमध्ये जाड पाकीट आलं. तिनं ते आपल्या सवयीनं वरच्या पत्त्यापासून वाचायला घेतलं, तर दुर्पता ओरडली, "पत्ता कसला वाचतेस, भवाने, शेवट वाच!"

"मिळाली," कौशिला म्हणाली. "आमा, मिळाली. चारही वर्षांची."

दाजी, जे महिन्यातून दहा वाक्यं बोलतात, ते जिन्यात जाऊन मोठ्यानं ओरडले. चौदाही घरांची दारं उघडली. हर्कमाया काकू शेंदूर घेऊन आली. रड, हस, गोंधळ, सगळं झालं. गर्दी जरा ओसरल्यावर मी पोरीला स्वयंपाकघरात गाठलं.

"आता सांग. त्या दिवशी काय बडबडलीस?"

"तुम्ही म्हणालात ते सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मग म्हटलं, आता माझं ऐका. शाळेत माझ्या वर्गात मला धरून आपली अकरा मुलं आहेत. दहा जणांचा वाढदिवस एक जानेवारीला असतो. खरा दिवस त्यांना माहीतच नाही. ज्यांना माहीत होता ते भीतीनं गप्प बसले आणि पुढे विसरून गेले. मला माझा दिवस माहीत आहे. त्या दुपारी माझा मामा रेशनच्या तांदळाच्या रांगेत होता. सकाळपासून उभा होता, पुढे फक्त दोन माणसं उरली होती. कुणीतरी सांगितलं, बहिणीला कळा सुरू झाल्यात. तो रांग सोडून पळाला. पंधरा दिवस आम्ही शेजाऱ्यांचा भात खाल्ला. त्याच माणसाला परक्या साहेबानं माझा दिवस विचारला. त्याला तो खोटा सांगता आला नाही. त्यानं माझी वर्षं खाल्ली असं त्याला वाटतं. मला वाटतं, सगळ्या शिबिरात माझ्यासाठी खरं बोलणारा एक तरी माणूस होता."

"ते रांगेचं तुला कुणी सांगितलं? मी तर कधीच..."

"आमानं. दरवर्षी मंसिरच्या सतरा तारखेला सांगते. होल्डवर होतो तेव्हाही सांगायची."

दुर्पता गॅसपाशी पाठ करून उभी होती. मी म्हणालो, "मला वाटलं तू माझ्यावर..."

"तुला काय काय वाटतं!" ती मागे न वळता म्हणाली. "विचारलंस का कधी?"

तरी खोड जात नाही. मी पोरीला विचारलंच, "आणि हे सगळं ऐकून त्यांनी तुला नाही म्हटलं असतं तर?"

"तर आणखी साडेतीन वर्षं थांबले असते," कौशिला म्हणाली. "आपल्याला काय, सवय आहे."

आमच्यात मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं. दरवर्षी दशैंला, म्हणजे आमच्या दसऱ्याला, मी पडतो, ती लाजून पाय मागे घेते. त्या दिवशी तिनं पाय मागे घेतले नाहीत. मी वाकलो, कपाळ तिच्या पायांवर ठेवलं, आणि मला बराच वेळ उठताच आलं नाही.